घाटातला गडी

दरवर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे आमच्या वाईत पंख्याखाली बसलं तरी घाम थांबत नाही तेव्हा, मी स्वित्झर्लंडमधल्या एग्ल नावाच्या गावाचं हवामान बघत असते. तिथे माझं कोणी राहत नाही. पण त्या आठवड्यात त्या भागात टूर द रोमांदी ही सायकल रेस असते आणि मला एवढंच बघायचं असतं की पाऊस आहे का, आणि किती डिग्री आहे. आठच्या खाली असेल तर मी लगेच माझ्या सायकलवाल्या मैत्रिणीला मेसेज टाकते, "श्पिलाकचं हवामान आहे." तिला तेवढं पुरतं.

सिमोन श्पिलाक हा स्लोव्हेनियाचा सायकल रेसर, 2019 मध्ये रिटायर झाला. एवढ्या वर्षांनीही डोंगरात पाऊस लागला, रायडर थंडीने कुडकुडायला लागले की जगात कुठून तरी कोणीतरी त्याचं नाव काढतंच. बेल्जियमचा कोणीतरी, कोलंबियाचा कोणीतरी, आणि इकडे मी. मी हे बरीच वर्षं बघतेय आणि मला याचं खरंच अप्रूप वाटतं, कारण हा माणूस टूर द फ्रान्समध्ये कधी पहिल्या दहात आलेला नाही. वर्ल्ड चॅम्पियन नाही. ज्या देशाचा तो, त्या स्लोव्हेनियाने त्याच्यानंतर जगाला रोग्लिच आणि पोगाचारसारखे बडे सायकलपटू दिले, म्हणजे त्याचं नाव झाकून टाकायला जे लागतं ते सगळं त्याच्या घरातच तयार झालं. तरीही लोकांनी त्याला सोडलं नाही. का सोडलं नाही, याचं जे उत्तर मला पटलंय ते मला कुठल्या सायकलवाल्याने दिलं नाही, बाबांनी दिलं.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. वाई डेपो, आणि बरीचशी नोकरी पसरणी घाटात. ज्यांनी वाईहून पाचगणी-महाबळेश्वर एसटीने केलंय त्यांना मी काय सांगणार, पण पावसाळ्यात तो घाट म्हणजे एका बाजूला ओला कातळ, दुसऱ्या बाजूला धुकं, आणि त्या धुक्यातून समोरची गाडी कधी येईल सांगता येत नाही. बाबा रिटायर झाले 2012 ला आणि पहिलं वर्षभर त्यांना संध्याकाळचं काय करायचं हेच कळायचं नाही. मी तेव्हा नुकतीच सायकलिंगच्या नादाला लागले होते, रात्री जेवताना कॉम्प्युटरवर युरोपातल्या रेसेस लावायचे. तिकडे संध्याकाळी साडेपाचला रेस संपते तेव्हा आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजलेले असतात, त्यामुळे वेळ अगदी बरोबर जमायची. कॉमेंट्री कधी फ्रेंच, कधी जर्मन, चित्र मध्येच गोठायचं आणि पाच मिनिटांनी परत चालू व्हायचं तोवर पुढे कोण गेला मागे कोण राहिला सगळं बदललेलं असायचं.

27 एप्रिल 2013. रोमांदीचा पाचवा दिवस, शेवट ले दियाब्लरे नावाच्या डोंगरातल्या गावात. वरच्या खिंडीत बर्फ पडलेला म्हणून आयोजकांनी रूट बदलला होता. पाऊस असा की कॅमेऱ्याच्या काचेवरचे थेंब पुसले जातायत तोवर नवीन. बाबा ताट घेऊन येऊन बसले. पुढे दोघंच उरले होते, एक ख्रिस फ्रूम, जो त्याच वर्षी जुलैमध्ये टूर द फ्रान्स जिंकणार होता, आणि दुसरा एक लाल जर्सीतला बारीक चणीचा माणूस ज्याचं नाव मला तेव्हा नीट उच्चारताही येत नव्हतं. फ्रूमच्या खांद्यांकडे बघून कळत होतं की तो हे सहन करतोय. लाल जर्सीवाल्याकडे बघून तसं काही वाटत नव्हतं, म्हणजे आपण घरातून दूध आणायला निघावं आणि पाऊस लागावा तर जसं चालतो तसं त्याचं चाललं होतं. बाबांना रेसमधलं तेव्हा काही समजत नव्हतं, पण चढ संपून उतार लागला आणि ते जेवायचे थांबले. म्हणाले, "हा बघ. आधी मारतो ब्रेक. वळणात मारत नाही."

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणतायत. मग त्यांनी समजावलं. ओल्या रस्त्यावर वळण दिसल्यावर ब्रेक मारला की उशीर झालेला असतो, वळणाच्या आधीच, सरळ रस्त्यावर, वेग कमी करायचा आणि वळणात गाडी मोकळी सोडायची. वळणात घाबरून पाय दाबला की मागचं टोक सुटतं. एसटीचं आणि सायकलचं याबाबतीत काही वेगळं नाही. त्यात तेव्हाच्या रेसच्या सायकलींना रिम ब्रेक असायचे, म्हणजे रबराचे दोन गुटके चाकाच्या कडेला घासून थांबवायचं, आणि कडा कार्बनची आणि ओली असली की ब्रेक दाबल्यावर पहिला एखादा क्षण काहीच होत नाही, आधी पाणी पुसलं जातं आणि मग पकड येते. तो एक क्षण उतारावर सत्तरच्या स्पीडला किती लांब असतो ते ज्याने अनुभवलंय त्यालाच माहीत. डिस्क ब्रेकला रोड रेसिंगमध्ये कायमची परवानगी मिळाली 2018 ला. श्पिलाकचे मोठे विजय सगळे त्याच्या आधीचे आहेत.

त्या दिवशी श्पिलाक जिंकला, फ्रूम दुसरा. पण सगळ्या दिवसांचा वेळ मिळवून रेस फ्रूमने घेतली आणि श्पिलाक एकूणात दुसरा आला. रोमांदी संपली रविवारी, आणि बुधवारी, एक मेला, हाच माणूस जर्मनीत फ्रँकफर्टची एका दिवसाची रेस जिंकून मोकळा! मी बाबांना पेपरातल्या बातमीसारखं वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "गडी फॉर्मात हाय."

पुढच्या वर्षी, 2014 ला, परत तेच. एग्लला शेवट होता, परत श्पिलाक आणि फ्रूम दोघंच पुढे, परत स्टेज, म्हणजे त्या दिवसाची शर्यत, श्पिलाकची, आणि परत शेवटच्या दिवशीच्या टाइम ट्रायलनंतर, म्हणजे प्रत्येकाने एकेकट्याने घड्याळाविरुद्ध पळायचं, त्यानंतर रेस फ्रूमची. 2015 ला झाकारिन पहिला, श्पिलाक दुसरा, फ्रूम तिसरा. तीन वर्षं लागोपाठ दुसरा. एखाद्याला हे लागलं असतं, त्याच्या मनाचं मला माहीत नाही, पण मला लागायचं, मी चिडायचे. आणि गंमत म्हणजे त्याच्या नावावर रोमांदीचं जे एक जिंकणं आहे ते रस्त्यावर मिळालेलं नाहीच. 2010 ला पहिला आला होता अलेहान्द्रो वाल्वेर्दे, श्पिलाक दुसरा. 2 मेला रेस संपली, पोडियम झाला, फुलं दिली, सगळे घरी गेले. 31 मेला खेळांच्या लवादाने वाल्वेर्देवर ऑपरेशन पुएर्तो या जुन्या डोपिंग प्रकरणात दोन वर्षांची बंदी घातली आणि त्या वर्षीचे त्याचे निकाल काढून टाकले. म्हणजे श्पिलाकचं आयुष्यातलं पहिलं मोठं यश कागदाने आलं. तो लवाद लोझानमध्ये आहे, लोझान रोमांदीतच येतं, म्हणजे ज्या भागातून त्याने सहा दिवस सायकल मारली त्याच भागातल्या एका इमारतीत महिनाभराने त्याचा निकाल लागला. पोडियमच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभं राहायचं ते राहिलंच ना पण. ती वेळ कोण परत आणून देणार.

म्हणून 2015 चा जून मला इतका लख्ख आठवतो. टूर द स्विस, नऊ दिवसांची रेस, शेवटच्या दिवशी बर्नमध्ये टाइम ट्रायल. सकाळी लीडरची जर्सी तिबो पिनोच्या अंगावर, श्पिलाक मागे. आपल्याकडे पाऊस नुकताच सुरू झालेला, लाईट जाऊन येऊन होती, बाबांनी इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर आणि एकच ट्यूब ठेवून बाकी सगळं बंद करायला लावलं होतं. आई अंधारात स्वयंपाकघरातून विचारतेय काय चाललंय तुमचं दोघांचं. आणि शेवटी आकडे आले, श्पिलाक पहिला, गेरेंट थॉमस दुसरा, फरक पाच सेकंद. नऊ दिवसांच्या रेसमध्ये पाच सेकंद! हे कागदाचं नव्हतं. बाबांनी टेबलावर हात मारला.

2017 ला तीच रेस त्याने परत जिंकली. त्यावेळची झोल्डनची स्टेज मी आजपर्यंत किती वेळा बघितली असेल मोजलं नाही. ऑस्ट्रियात झोल्डन गावातून एक रस्ता वर हिमनदीपर्यंत जातो, आल्प्समधल्या सगळ्यात उंच डांबरी रस्त्यांपैकी एक, जवळपास 2,800 मीटर. आपलं कळसूबाई 1,646 मीटर, यावरून अंदाज घ्या. वर हवा विरळ, दोन्ही बाजूला जूनमध्येसुद्धा बर्फ, आणि तो एकटा. सायकल हलत नाही, डोकं हलत नाही, तोंड थोडं उघडं.

पण लोक त्याच्यावर एवढा जीव लावतात ते या जिंकण्यामुळे, असं मला वाटत नाही. जिंकणारे ढीगभर आहेत. लोकांच्या मनात तो बसलाय तो जुलैमुळे. कारण जून संपला की श्पिलाक दिसायचा नाही. पॅरिस-नीस मार्चमध्ये, रोमांदी एप्रिलमध्ये, स्विस जूनमध्ये, आणि मग ज्या महिन्यात अख्खं जग सायकलिंग बघतं, ज्या तीन आठवड्यांसाठी टीमचा वर्षाचा खर्च होतो, स्पॉन्सर पैसे टाकतात, रायडर लहानपणापासून स्वप्न बघतात, तेव्हा हा नाही. आधीच्या वर्षांत त्याने टूर करून बघितली होती, नाही असं नाही, पण ऊन आणि तो हे गणित कधी जमलंच नाही. 2015 ला आणि 2017 ला स्विस टूर जिंकलेला माणूस, ज्याच्याकडे सगळे तज्ञ दोन आठवड्यांनी होणाऱ्या टूरचा दावेदार म्हणून बघणार, तो टूरच्या सुरुवातीला उभाच नाही.

यात लहर नाही, शरीराचं शास्त्र आहे. माणसाचे स्नायू फार उधळे असतात, जेवढी ऊर्जा जाळतात त्यातली साधारण चौथाई कामाला येते आणि बाकीची उष्णता होते. डोंगर चढताना एखादा रायडर पायडलवर 400 वॉट टाकत असेल तर त्याच वेळी अंगात निदान बाराशे वॉट उष्णता तयार होते, घरातल्या इस्त्रीपेक्षा जास्त, आणि ती तासभर चालू. ही उष्णता बाहेर टाकायची म्हणजे घाम, आणि त्वचेकडे रक्त वळवायचं, म्हणजे पायाला जाणारं रक्त कमी. ज्याच्या शरीराला हे चांगलं जमतं तो जुलैचा. ज्याला जमत नाही त्याच्यासाठी सहा डिग्री आणि पाऊस ही देणगी, बाकीचे गारठून आखडतात तेव्हा त्याचं इंजिन बरोबर तापमानाला येतं. पण थंडीचीही किंमत असतेच. बोटं बधिर झाली की गिअर दाबता येत नाही, खिशातलं खायचं पाकीट फाडता येत नाही, आणि खाल्लं नाही की तासाभरात माणूस बंद पडतो.

हे मी स्वतः भोगलंय. एका जुलैत 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे लांब पल्ल्याची सायकल राईड, करत होते, साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते, पाचगणीहून पसरणी घाट उतरताना असला पाऊस आणि वारा की खाली वाईत पोहोचेपर्यंत माझी बोटं माझी नव्हती. आल्प्सच्या मानाने आपली थंडी म्हणजे काहीच नाही, अठरा-एकोणीस डिग्री असेल. चिक्कीचं पाकीट दातांनी फाडायला गेले तर ओठही नीट मिटेनात. घर दोन किलोमीटरवर होतं. बाबा चौकात छत्री घेऊन उभे होते, त्यांनी चिक्कीचा तुकडा मोडून माझ्या तोंडात घातला, लहानपणी घालायचे तसा, आणि विचारलं, "वळणात ब्रेक मारलास का?" म्हटलं दोनदा मारला. ते काहीच बोलले नाहीत, फक्त मान हलवली. राईडच्या ब्रेव्हे कार्डवर शिक्का घेऊन मी पुढे गेले.

तर बाबांचं उत्तर. 2017 ला स्विस टूर संपल्यावर मी त्यांना सांगत होते की बघा आता हा टूर द फ्रान्सला जाणार नाही, एवढा चांगला माणूस, वाया घालवतोय. मला तेव्हा खरंच तसं वाटायचं. बाबा म्हणाले, "वाया काय त्यात. डेपोत असत्यात की असले ड्रायव्हर. मुंबईची लांबची ड्युटी दिली की त्येंचं डोकं उठतं, पण जुलैत घाट कोण घेतो म्हटलं की गप उठून चावी घेत्यात. हा घाटातला गडी हाय. त्येला हायवेवर कशाला घालायचा?"

मी त्या वाक्यावर खूप विचार केलाय. आपल्याला सगळ्यांना कोणी ना कोणी हायवेवर घालत असतं. मी ज्या ऑफिसात काम करते तिथे तीन वर्षं मला एका अशा जागेवर बसवलं होतं जिथे जाणं म्हणजे प्रगती असं सगळे म्हणत होते, पगार जास्त, नाव जास्त, आणि मला रोज सकाळी पोटात गोळा यायचा. नाही म्हणायला तीन वर्षं लागली. तेव्हा कळलं की नाही म्हणणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, आणि त्याने तर अख्ख्या जगाच्या समोर, सगळ्यात मोठ्या स्टेजला नाही म्हटलं होतं, तेही स्वतःची ताकद कशात आहे ते दरवर्षी रस्त्यावर दाखवून. लोकांना त्याच्यात ते दिसतं असं मला वाटतं. जगाच्या पाठीवर पावसात सायकल मारणाऱ्या, ऊन न सोसणाऱ्या, जुलैत जमत नाही म्हणून कोणी कधी मोजलं नाही अशा सगळ्यांना.

तो ज्या भागातला आहे तोही असाच बाजूचा आहे. स्लोव्हेनिया म्हटलं की लोकांना आल्प्स, तळी, स्की जंपिंग आठवतं. श्पिलाक जन्मला मुरस्का सोबोताला, ते पार ईशान्येच्या कोपऱ्यात, प्रेकमुर्ये भागात. प्रेकमुर्ये म्हणजे मुरा नदीच्या पलीकडचं. पहिल्या महायुद्धापर्यंत शतकानुशतकं हा भाग हंगेरीकडे, त्यामुळे बोली एवढी वेगळी की राजधानीच्या लोकांना पटकन कळत नाही. बराचसा सपाट मुलुख, मक्याची शेतं, विजेच्या खांबांवर करकोच्यांची घरटी, आणि सणाला गिबानित्सा नावाचा खसखस, अक्रोड, सफरचंद आणि ताज्या चीजचे थर असलेला गोड पदार्थ. डोंगरातला राजा असा सपाटीवर जन्मला. सोबोताच्या शेजारी तिशिना नावाचं गाव आहे, आणि तिशिना या शब्दाचा त्यांच्या भाषेत अर्थ होतो शांतता.

शांतता त्याला शोभते. 2019 च्या शेवटी त्याची कातुशा टीम बंद पडली, लायसन्स इस्रायलच्या टीमकडे गेलं, तो 33 वर्षांचा होता, त्याने सायकल ठेवली. त्यानंतर वर्षभरातच, 19 सप्टेंबर 2020 ला, ला प्लांश दे बेल फीयच्या टाइम ट्रायलमध्ये पोगाचारने रोग्लिचकडून टूर हिसकावली आणि दोन स्लोव्हेनियन पहिला आणि दुसरा हे जगाने पाहिलं. वीस लाख लोकवस्तीचा देश, आपल्या नाशिक शहराएवढा. सगळे म्हणायला लागले हे अचानक कुठून आले. मला तेव्हा ओरडून सांगावंसं वाटत होतं की अचानक नाही हो, 2001 ला लिस्बनमध्ये स्लोव्हेनियाच्या आंद्रेय हाउप्टमानने वर्ल्ड चॅम्पियनशिपला ब्राँझ घेतलं होतं, 2010 च्या जूनमध्ये तिथल्याच यानेझ ब्रायकोविचने फ्रान्समधल्या डॉफिने रेसमध्ये टूर जिंकलेल्या कोन्ताडोरला मागे टाकलं होतं, आणि एप्रिल आला की पावसात एक माणूस फ्रूमसारख्याला दमवत होता. रोग्लिचने 2018 आणि 2019 ला रोमांदी जिंकली तेव्हा तो रस्ता स्लोव्हेनियन चाकांच्या ओळखीचा झालेला होता.

पोगाचार मलाही आवडतो. त्याचं सगळं दिसतं, त्याची ट्रेनिंग, त्याचं हसणं, त्याची प्रत्येक राईड, आणि ते छानच आहे. श्पिलाक रिटायर झाल्यावर मला कुठेच दिसला नाही, कॉमेंट्री बॉक्समध्ये नाही, जाहिरातीत नाही, कोणाच्या पॉडकास्टवर नाही. तरी त्याचे जुने व्हिडिओ फिरत असतात, कोणीतरी दियाब्लरेचा तो पाऊस परत टाकतं, खाली पंधरा भाषांत लोक लिहितात, आणि कोणीच भांडत नाही. इंटरनेटवर एखाद्या खेळाडूबद्दल कोणीच भांडत नाही ही जागा मी दुसरी पाहिलेली नाही. मागच्या पावसाळ्यात मी तिथे मराठीत लिहिलं होतं, "आमचे बाबा याला घाटातला गडी म्हणतात." एका अनोळखी माणसाने भाषांतर करून वाचलं असावं, त्याने खाली इंग्रजीत विचारलं की तुमचे बाबा सायकलिस्ट आहेत का. मी लिहिलं, नाही, बस ड्रायव्हर.

बाबा आता सत्तरीच्या पुढचे झालेत, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, रात्री नऊला झोपलेले असतात. या वेळच्या रोमांदीला मी वाईत होते. जेवताना लावली रेस, आवाज बारीक करून. दार उघडून ते बाहेर आले, खुर्ची ओढली, थोडा वेळ बघत बसले.

"पाऊस नाही आज?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. ऊन आहे."

"मग काय उपयोग," म्हणाले, आणि पाणी पिऊन परत झोपायला गेले.